घरचा इंकजेट प्रिंटर: निवड, शाई, कागद आणि नेहमीचे बिघाड

महिन्याला दहा-बारा पानंच छापायची असतील तर इंकजेट घेऊच नका. यातली शाई पातळ असते, ती नोझलच्या, म्हणजे शाई उडवणाऱ्या बारीक छिद्रांच्या, तोंडाशी सुकते, आणि दोन महिने पडून राहिलेला प्रिंटर नेमका हॉल तिकीट छापायच्या दिवशी अक्षरांतून पांढऱ्या रेघा काढतो. इतक्या कमी कामाला कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बरं. घरातच हवा असेल आणि रंगाची गरज नसेल तर काळा-पांढरा लेझर घ्या. त्यात शाईऐवजी टोनरची पूड असते, ती पडून राहिली तरी सुकत नाही. ज्या घरात आठवड्याला थोडं तरी छापलं जातं, म्हणजे मुलांचे प्रोजेक्ट, क्लासच्या नोट्स, सातबारा, आधारच्या प्रती, सोसायटीच्या नोटिसा, अधूनमधून फोटो, त्या घराला इंकजेट परवडतो.

काट्रिज की टाकी?

दुकानात तीन-पाच हजारांचा काट्रिजवाला प्रिंटर (शाईची बंद डबी संपली की डबीच बदलायची) आणि दहा-पंधरा हजारांचा टाकीवाला (बाटलीतून शाई ओतायची) शेजारी शेजारी मांडलेले असतात. स्वस्ताकडे हात जातो. हिशेब मात्र पानावर करायचा.

समजा काळ्या काट्रिजची किंमत 800 रुपये आणि त्यातून 120 पानं निघतात. म्हणजे नुसत्या शाईचे पानाला पावणेसात रुपयांच्या आसपास. टाकीवाल्यात एप्सनची 003 क्रमांकाची काळी बाटली 65 मिलीची असते आणि कंपनी तिच्यावर 4500 पानं सांगते. बाटली 400 रुपयांची धरली तरी पानाला 9 पैसे. 500 कागदांची रीम 300 रुपयांना धरली तर कागदच शाईच्या कितीतरी पट महाग, पानाला 60 पैसे. दोन प्रिंटरांच्या किमतीतला फरक 7000 रुपये असेल तर 1100 पानांच्या आतच तो फिटतो. रोज पाचेक पानं छापणाऱ्या घरात हे सात-आठ महिन्यांचं काम.

कंपनीचा पानांचा आकडा जसाच्या तसा धरू नका. तो पानाचा साधारण 5 टक्के भाग एका रंगाने भरला आहे असं धरून काढलेला असतो. थोडक्या ओळींचं पत्र असतं तेवढा. पानभर फोटो किंवा गडद पार्श्वभूमीचा तक्ता याच्या कितीतरी पट शाई खातो. शिवाय पहिल्या भरणीत बरीच शाई नळ्या भरण्यात जाते, त्यामुळे पहिल्या बाटल्यांतून पानं कमीच निघतात. गळती आहे असं समजून लगेच तक्रार करू नका.

काट्रिजच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. एचपी डेस्कजेट किंवा कॅननच्या स्वस्त पिक्स्मांत छपाईचं हेड, म्हणजे नोझल असलेला भाग, काट्रिजवरच असतं. ते सुकलं की नवं काट्रिज घातलं आणि प्रश्न मिटला. टाकीवाल्या एप्सनमध्ये हेड प्रिंटरच्या आत कायमचं बसवलेलं असतं. ते गेलं तर सर्व्हिस सेंटर आणि मोठं बिल. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपी स्मार्ट टँकमध्ये टाकी असूनही हेड काढून बदलता येतात. क्वचितच छापणाऱ्याला, तरीही रंग हवाच असेल तर, काट्रिजवाला महाग पण बिनघोर पडतो.

विकत घेताना आणखी तीन गोष्टी विचारा. वायफाय आहे का? एप्सनमध्ये एल3210 फक्त यूएसबीवर चालतो, एल3250ला वायफाय आहे. दिसायला दोन्ही जवळपास सारखे. वाया गेलेल्या शाईचा बॉक्स घरी बदलता येतो की त्यासाठी सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं? आणि वॉरंटीत वर्षांबरोबर पानांची मर्यादा आहे का? बहुतेक वेळा असते, आणि जी आधी संपेल ती लागू होते.

शाई दोन जातींची

डाय शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असते. फोटोत रंग खुलतात, नोझल त्या मानाने कमी तुंबतात, पण कागदावर पाण्याचा थेंब पडला की अक्षरं पसरतात. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात. ती कागदावर बसते, ओल्या बोटाने सहज पुसली जात नाही, अक्षरं जास्त काळी दिसतात, पण सुकली तर हट्टाने अडते. एप्सनच्या 003 मालिकेतले चारही रंग डाय आहेत. कॅननच्या जीआय-790मध्ये काळा पिगमेंट आणि बाकीचे तीन डाय. डायवाल्या प्रिंटरवरचं हॉल तिकीट जुलैत परीक्षेला नेताना प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्येच ठेवा, आणि त्यावर हायलायटर फिरवू नका.

पिगमेंटच्या टाकीत डाय किंवा उलट कधीही ओतू नका. दोन्ही मिसळून गाठी धरण्याचा धोका असतो आणि त्या थेट हेडमध्ये जाऊन बसतात. बाहेरची स्वस्त शाई वापरायची असेल तर जात तीच हवी, शक्य तो चारही रंग एकाच कंपनीचे हवेत, आणि वॉरंटी संपेपर्यंत थांबलेलं बरं.

पहिल्या दिवशी

प्रिंटर सपाट, न हलणाऱ्या टेबलावर ठेवा. आतल्या सगळ्या रंगीत चिकटपट्ट्या काढा. एखादी हेडच्या वाटेत राहिली की पहिल्याच मिनिटाला खडखडाट होतो. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा, हातात रबरी मोजे घाला. बाटली टाकीच्या तोंडावर नेईपर्यंत उभीच धरा. रंगाचं चिन्ह बाटलीवर आणि टाकीवर जुळवून मगच ओता. काही मॉडेलांत तोंडांचे साचे वेगळे असल्याने चुकीची बाटली बसतच नाही, पण सगळ्यांत ती सोय नसते. वरच्या रेघेपर्यंतच भरा. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून उभी, अंधारात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

मग शाई नळ्यांत ओढून घेण्याचं काम सुरू होतं. मॉडेलनुसार याला पाच-दहा मिनिटांपासून वीस मिनिटांपर्यंत लागतात. तोवर बटण दाबू नका, झाकण उघडू नका, वीज बंद करू नका. ते संपल्यावर नोझल तपासणीचं पान (प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची जाळी छापणारं) काढा आणि ठेवून द्या. पुढे कधी छपाई बिघडली की तुलनेला हेच पान लागतं.

चुकून पिवळ्या टाकीत काळी गेली तर प्रिंटर तिथेच थांबवा. चालू केलात की ती शाई नळीत ओढली जाते. सुरू करण्याआधी लक्षात आलं तर टाकी सिरिंजने रिकामी करता येते. नंतर लक्षात आलं तर नळी आणि हेड दोन्ही धुवून घ्यावं लागतं, आणि ते घरी करण्याचं काम नाही.

बंद करायचं ते प्रिंटरच्या बटणाने

या भागातली एवढी एकच सवय लावली तरी निम्मे त्रास टळतात. प्रिंटरचं बटण दाबलं की हेड उजव्या टोकाला जाऊन रबरी टोपीवर बसतं, आणि नोझलना हवा लागत नाही. भिंतीवरचा स्विच आधी पाडला तर हेड असेल तिथे उघडं राहतं. रात्रभर असं राहिलं की सकाळी दोन रंग गायब.

लोडशेडिंगमध्ये छपाई चालू असताना वीज गेली तर वीज आल्यावर प्रिंटर एकदा चालू करा, हेड जागेवर जाऊ द्या, मग बटणाने बंद करा. असे प्रिंटर छापताना 10 ते 15 वॉटच घेतात, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतात. पॉइंट तिकडूनच घ्या.

आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं काहीतरी छापा. काळा, निळसर, गुलाबी, पिवळा असे आगपेटीएवढे चार ठोकळे एका फाइलमध्ये करून ठेवले की पुरे. एकाच कागदावर वरखाली सरकवत ते सात-आठ वेळा छापता येतात. उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे हे अंतर चार-पाच दिवसांवर आणा. बहुतेक माहितीपत्रकांत 10 ते 35 अंशांची मर्यादा दिलेली असते, आणि मे महिन्यातली गच्चीखालची खोली ती सहज ओलांडते.

टाकीत शाई खालच्या रेघेवर आली की भरा. ‘अजून दिसतेय’ म्हणून ताणू नका. एप्सनमध्ये नळीत हवा शिरते आणि ती काढायला भरपूर शाई ओतावी लागते. कॅनन-एचपीत शाई तापवून थेंब उडवतात, आणि तीच शाई हेडला थंडही ठेवते. कोरडं चाललं तर हेड जळतं. सिरिंजने भरलेली काट्रिजं अचानक दगावतात त्यामागे बहुधा हेच असतं.

कागद आणि पाऊस

घरच्या कामाला 70 ते 80 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागद. दोन्ही बाजूंना छापायचं असेल तर 75च्या खाली जाऊ नका, मागची अक्षरं दिसतात. जेके, सेंच्युरी, टीएनपीएल यांपैकी कुठलाही साधा कॉपियर कागद चालतो.

कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी ओढतो. कडा लहरतात, दोन-तीन पानं एकदम आत जातात, शाई पसरून अक्षरं जाड दिसतात. रीम फोडल्यावर उरलेला गठ्ठा तिच्याच वेष्टनात गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवा, आणि ट्रेमध्ये लागतील तेवढीच वीस-तीस पानं टाका. विदर्भ-मराठवाड्यात पावसाळा संपतो, पण कूलर असतो. कूलरच्या झोतासमोर ठेवलेल्या प्रिंटरचा कागद मे महिन्यातही दमट होतो.

कागद घालण्याआधी गठ्ठा पंख्यासारखा फुलवून टेबलावर कडा ठोकून घ्या. बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकतील पण दाबणार नाहीत अशा सरकवा. मागून कागद घालायच्या प्रिंटरांत फटीत स्टेपलची पिन, पेनाचं टोपण, नाणं पडतं. वापरत नसताना झाकण लावूनच ठेवा.

छापताना

कागदाचं माप आधी पाहा. ड्रायव्हर, म्हणजे संगणकातलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, बऱ्याचदा लेटर या अमेरिकी मापावर असतो. लेटर 216 × 279 मिमी, आपला ए4 210 × 297. माप लेटरवर राहिलं की खालची ओळ कापली जाते किंवा सगळं पान लहान होतं. प्रिंटरच्या प्रेफरन्सेसमध्ये एकदा ए4 कायम करा. फॉर्म किंवा मापाचं चित्र असेल तर ‘ॲक्च्युअल साइझ’, एरवी ‘फिट’.

नुसता मजकूर असेल तर ग्रेस्केल, म्हणजे काळी-करडी छपाई, निवडा. नाहीतर गडद निळ्या लिंकसाठीही तीन रंग खर्ची पडतात. मुलांच्या सरावाच्या पानांना ड्राफ्ट, म्हणजे कमी शाईची फिकट छपाई, पुरतो. क्यूआर कोड किंवा बारकोड असलेलं पान मात्र ड्राफ्टमध्ये छापू नका, फिकट ठिपक्यांमुळे ते स्कॅन होत नाही.

मराठी पीडीएफ पडद्यावर नीट दिसतो पण कागदावर जोडाक्षरं तुटतात किंवा चौकोन येतात, अशी तक्रार नेहमीची. ॲडोब रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’ उघडा आणि ‘प्रिंट ॲज इमेज’ला टिक करा. छपाई थोडी हळू होते, पण पडद्यावर दिसतं तेच उमटतं. पडद्यावरच अगम्य अक्षरं दिसत असतील तर प्रिंटरचा दोष नाही. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टातली वर्ड फाइल आहे आणि तुमच्या संगणकावर तो फॉन्ट नाही. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा.

दोन बाजूंच्या छपाईची आपोआप सोय नसेल तर आधी विषम पानं, मग गठ्ठा फिरवून सम पानं. गठ्ठा कसा फिरवायचा हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं असतं. एका कागदावर पेन्सिलीने वर बाण काढून एक पान छापून बघा आणि उत्तर प्रिंटरवर चिकटवून ठेवा. चाळीस पानं उलटी छापली गेल्यावर शोधण्यापेक्षा हे बरं.

फोटोसाठी 4 × 6 इंची चकचकीत कागद, 180 ते 230 जीएसएमचा, चकचकीत बाजूवर छपाई होईल असा ठेवा, आणि ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार ‘ग्लॉसी’ करा. प्रकार ‘प्लेन’वर राहिला तर शाई कमीजास्त पडते आणि रंग मळकट येतात. 35 × 45 मिमीचे पासपोर्ट आकाराचे फोटो या कागदावर आडवे मांडले तर 4 × 2 असे आठ बसतात, उभे मांडले तर सहाच. कापण्याआधी पाचेक मिनिटं सुकू द्या.

रेघा आल्या, रंग गेला

लगेच हेड क्लीनिंग (नोझलमधून शाई ओढून ते मोकळे करणारी प्रिंटरची सोय) दाबू नका. आधी टाकीतली शाई पाहा, मग नोझल तपासणीचं पान काढा. जाळीत तुटक जागा नसतील तर नोझल मोकळे आहेत आणि दोष दुसरीकडे आहे: कागदाचा प्रकार चुकला असेल, किंवा उभ्या रेघा वाकड्या येत असतील तर प्रिंटरच्या मेनूतून हेड अलाइनमेंट, म्हणजे हेडची जुळणी, करायची. साधारण अडीच सेंटिमीटरच्या अंतराने आडवे पट्टे येत असतील तरी कागदाचा प्रकार आणि अलाइनमेंट आधी पाहा.

जाळी तुटलेली असेल तर एकदा क्लीनिंग, पुन्हा तपासणीचं पान. असं तीनदा. सुधारणा नसेल तर थांबा. प्रिंटर बंद करून किमान 12 तास तसाच ठेवा. या वेळात सुकलेली शाई ताज्या शाईने सैल होते आणि अडकलेली हवा वर येते. लागोपाठ दहा क्लीनिंगपेक्षा ही एक रात्र जास्त काम करते. सकाळी पुन्हा तपासणी, एक क्लीनिंग. तरीही नाही, तर एप्सनच्या टाकीवाल्या मॉडेलांत ‘पॉवर क्लीनिंग’ असतं. ते नळ्यांतली सगळी शाई बदलतं, म्हणून आधी प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली हवी. कमी असताना केलंत तर हवा आत ओढली जाते आणि प्रिंटर आधीपेक्षा वाईट होतो. दोन पॉवर क्लीनिंगमध्ये पुन्हा 12 तासांचं अंतर.

हेडवाल्या काट्रिजला सोपा उपाय आहे. काट्रिज काढा. धागे न सुटणारं कापड कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओलं करून पिळा, चार घड्या घाला, आणि नोझलची बाजू त्यावर एक-दोन मिनिटं टेकवून ठेवा. घासू नका. कापडावर रंगाचा स्पष्ट ठसा उमटला की नोझल मोकळे झाले. काट्रिजवरचे तांब्याच्या रंगाचे विजेचे ठिपके कोरडे पुसून मगच परत बसवा. नळाचं, विशेषतः बोअरचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार नोझलमध्येच सुकतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घरात असतंच, न उघडलेल्या बाटलीतलं घ्या.

झाकण उघडून हेडच्या मागे एक पारदर्शक पट्टी डावीकडून उजवीकडे ताणलेली दिसेल. हेड कुठे आहे ते प्रिंटरला तिच्यावरच्या बारीक रेघांवरून कळतं. तिला बोट लावू नका. शाईचा किंवा तेलाचा डाग पडला तर हेड बाजूला धडकतं, नाहीतर छपाई मध्येच सरकते. डाग पडलाच तर पिळलेल्या ओल्या कापडाने अगदी हलक्या हाताने पुसा. पट्टी निसटता कामा नये.

वाया गेलेली शाई कुठे जाते?

प्रत्येक क्लीनिंगची शाई तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते. प्रिंटर पॅड तपासत नाही, किती शाई गेली याचा हिशेब ठेवतो, आणि हिशेब भरला की छापायचं थांबतो. एप्सनमध्ये ‘इंक पॅड’चा संदेश येतो, कॅननमध्ये 5बी00. प्रिंटर मेलेला नसतो. बॉक्स घरी बदलता येत नसेल तर सर्व्हिस सेंटरला पॅड बदलून मोजणी शून्यावर आणून मिळते.

नुसती मोजणी शून्य करणारी सॉफ्टवेअरं इंटरनेटवर फिरतात. त्यांतल्या कित्येकांबरोबर व्हायरस येतो हा एक भाग. पण खरा घोटाळा असा की पॅड भरलेलंच राहतं, आणि काही महिन्यांनी शाई टेबलावर, मग फरशीवर. उठसूट क्लीनिंग न करणं एवढाच यावरचा घरगुती उपाय आहे.

वायफाय आणि ‘ऑफलाइन’

स्वस्त वायफाय प्रिंटर बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात. जोडणी करताना राउटरचं 5 गिगाहर्ट्झचं नाव प्रिंटरला दिसतच नाही. फोन आधी 2.4च्या नावावर आणा. राउटर बंद-चालू झाल्यावर प्रिंटरला नवा आयपी पत्ता मिळाला की लॅपटॉप त्याला ‘ऑफलाइन’ म्हणतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवला की ही कटकट कायमची जाते.

प्रिंटर चालू, जोडणी ठीक, तरी काम रांगेत अडकलं असेल तर विंडोजमध्ये सर्व्हिसेस उघडून ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवा, सिस्टिम32मधल्या स्पूल फोल्डरातलं ‘प्रिंटर्स’ फोल्डर आतून रिकामं करा (फोल्डर पुसू नका), आणि स्पूलर पुन्हा सुरू करा.

कागद अडकला, घर बदललं

अडकलेला कागद प्रिंटर बंद करून, दोन्ही हातांनी, शक्य तो तो ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने सावकाश ओढा. फाटला तर बाहेर आलेले तुकडे जुळवून पूर्ण पान होतंय का बघा; नखाएवढा तुकडा आत राहिला तरी पुढचं प्रत्येक पान तिथेच अडतं. कागद धरलाच जात नसेल तर रबरी रोलरवर कागदाची धूळ बसलेली असते. ओल्या कापडाने रोलर फिरवत पुसा, सुकू द्या.

घर बदलताना टाकीवाला प्रिंटर टेम्पोत आडवा टाकला की शाई टाकीतून खोक्यात उतरते. बटणाने बंद करा, टाक्यांची झाकणं घट्ट बसली आहेत का पाहा, जुन्या मॉडेलला वाहतुकीची खिटी (शाईची वाट बंद करणारी) असेल तर ती फिरवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत सरळ उभा ठेवून मूळ खोक्यात भरा आणि खोक्यावर वरची बाजू लिहा. नव्या घरी पोचल्यावर खिटी परत ‘प्रिंट’वर आणायला विसरू नका, बंद खिटीवर छापत राहिलात तर हेडपर्यंत शाई पोचत नाही. शाई पातळीवर येऊ द्या, तासाभराने चालू करा आणि नोझल तपासणीचं पान जुन्या पानाशी ताडून बघा.